रविवारी कोण?

लोवेलला मार्च म्हणजे चिखल आणि रस्त्यावरचं मीठ.
बुटांना पांढरी किनार लावून मी तिसरा मजला चढते,
काखेत वन्नाकची फाईल.
तिचं वजन आता त्याच्या दप्तराहून जास्त;
दप्तर तसंही नोव्हेंबरपासून खुंटीला.

फ्रीजवर चुंबकांनी धरलेले सहा नंबर:
शाळेची समुपदेशक, कोर्टाचा माणूस, दवाखाना,
आईला ठेवलंय ते व्यसनमुक्ती केंद्र, घरभाड्याची मदत,
आणि मी.
सहाही जणांनी वेगवेगळ्या दिवशी आजीला
एकच विचारलं, त्या रात्री काय झालं?
तिनं सहा वेळा सांगितलं, ख्मेरमध्ये,
दुभाष्या फोनवर, मध्येच रेंज जायची.
सहाव्या वेळी, म्हणजे मला सांगताना,
ती गवती चहा चिरत होती
आणि सुरीचा ठेका कुठेच चुकला नाही.
तेव्हा मला भीती वाटली.

माझ्या कामाला मराठीत नाव नाही.
इचलकरंजीला फोनवर आईला सांगते, जुळवाजुळव.
"म्हणजे लग्नं जुळवतेस?"
जवळपास तसंच, आई.
फक्त इथे दोन्हीकडची मंडळी
एकमेकांचे फोन उचलत नाहीत.

आज सगळ्यांना एका टेबलाशी आणलंय.
त्यासाठी एकेचाळीस ईमेल.
खुर्च्या चार. दवाखान्याची बाई तांदळाच्या पोत्यावर,
कोर्टाचे डेलगाडो उलट्या बादलीवर बसले
आणि त्यांचा टाय गुडघ्यांत अडकला.
वन्नाक हसला.
मी वहीत नोंदवलं नाही. काही गोष्टी नोंदवल्या की विझतात.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो: कुटुंबाची बलस्थानं.
सगळे पेनांकडे बघू लागले.
आजी म्हणाली, "लिहा. हा माझ्या पायांची नखं कापतो."
फोनमधला दुभाष्या क्षणभर थांबला,
मग तेच इंग्रजीत म्हणाला, जरा हळू.
मी तसंच लिहिलं.

मग आठवडा वाटून घेतला.
सोमवार शाळेचा, अर्धा दिवस. मंगळवार कोर्टाचा.
बुधवारी दवाखाना, शुक्रवारी आईची भेट, गाडी कुणाची ते ठरलं.
वन्नाकनं टोपी भुवयांपर्यंत ओढली.
"आणि रविवारी?"

ती रात्र रविवारची होती.

हीटरचा पाईप ठोकत राहिला.
सगळे आपापल्या कॅलेंडरात वाकले,
जसा काही रविवार तिथे कुठेतरी सांडलाय.
तातडीचा नंबर आहे, रात्रंदिवस;
पण तिथे दर वेळी नवा आवाज
आणि त्याचा पहिला प्रश्न मला पाठ आहे.
तो माझ्याकडेच बघत होता.
म्हणाले, "रविवारी मीही बंद असते."

दाराशी खालच्या मजल्यावरचा तिबोदो उभा होता.
माझ्या यादीत तो नव्हता.
त्या रात्री पोलिसांना फोन त्यानंच केलेला.
आजीनं बोलावलं. म्हणाली होती,
"ऐकलं तर त्यानंच ना."

तो खाकरला. "तुमची जमीन म्हणजे माझं छत.
मला सगळं ऐकू येतं.
पुढच्या वेळी आधी जिना चढून येईन."
मग कुणाकडेच न बघता,
"रविवारी टीव्हीवर हॉकी असते. मी एकटाच ओरडतो."

"मला हॉकी आवडत नाही," वन्नाक म्हणाला.
"मलाही फारशी नाही," तिबोदो म्हणाला.

रविवारच्या चौकटीत संस्थेचं नाव लागतं.
मी टाईप केलं: दुसरा मजला.
लाल अक्षरं आली, वैध सेवा निवडा.
यादी खालपर्यंत नेली,
आणि "इतर" निवडलं.

उतरताना पायऱ्या मोजल्या,
त्यांच्या दारापासून त्याच्या दारापर्यंत.
सोळा.
नवव्या पायरीवरचा दिवा गेलेला.
तो कोणत्या खात्यात येतो,
उद्या शोधायला हवं.